कोठाराकडे पाठ

बायको लोरीन गेल्यावर वेंडेलने तिचे कपडे वाटून टाकले, पण कॅमेऱ्याची पेटी उघडली नव्हती. मार्चमध्ये उघडली, तर आत फिल्म ठेवायची एकच चौकट निघाली. तिच्या सरकत्या झाकणाची काळी कड बाहेर होती. म्हणजे फोटो घेतलेला, पण धुतलेला नाही. एवढं त्यालाही कळायचं. लोरीनच्या कॅमेऱ्याची जड तिपाई आयुष्यभर त्यानेच वाहिली होती.

फोटो कुठला, तेही त्याला ठाऊक होतं. ऑक्टोबरमध्ये ती दोघं शेवटची बाहेर पडली ती गावाबाहेरच्या जुन्या धान्यकोठारापाशी. कॅन्ससमधली अशी उंच कोठारं ती वर्षानुवर्षं टिपत होती. त्या दिवशी मात्र तिने कोठाराकडे पाठ करून कॅमेरा लावला. समोर नुसतं रिकामं शेत.

"अगं, कोठार मागे आहे!" वेंडेल पिकअपमधून ओरडला होता.

तिने हात हलवला आणि कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं. बराच वेळ ती तिथेच होती. घरी येताना त्याने विचारलं, तर म्हणाली, "धुतल्यावर बघ." पुढच्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

त्या शेतात तिला काय दिसलं होतं?

टॉवेलात गुंडाळून चौकट घेऊन तो ऑपलकडे गेला आणि त्या दिवसाचं सगळं तिला सांगितलं. ऑपल लोरीनची मैत्रीण. दोघी ऑपलच्याच तळघरात फिल्म धुवायच्या.

"बिघडणार नाही ना?" अंधारात त्याने विचारलं.

"तू मध्ये आला नाहीस तर नाही. दाराला टेकून उभा राहा आणि तोंड बंद ठेव."

औषधांचा आंबट वास आला. लोरीनच्या बोटांना हाच वास असायचा. शेवटी ऑपलने दिवा लावला. फिल्म स्वच्छ होती, पुसलेल्या काचेसारखी आरपार.

"कुठाय फोटो?"

ऑपलने फिल्म दिव्यासमोर धरली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "टोपण! भिंगाचं टोपण काढायला विसरली ही! वारं होतं का त्या दिवशी?"

"इथे कधी नसतं?"

"मग झालं तर. धूळ नको म्हणून टोपण लावलं, वारं पडायची वाट बघितली, आणि पडल्यावर घाईघाईने खटका दाबला. वर मला शिकवायची, ऑपल, आधी टोपण बघ म्हणून!"

वेंडेल हसला नाही. "म्हणजे आता कळायचं नाही."

"फोटो नाही मिळायचा. शेत कुठे पळून गेलंय?" ती म्हणाली. "खिमा-राजम्याची चिली केलीय, गोड सिनॅमन रोल आहेत. खाऊन जा."

"नंतर," म्हणत तो जिना चढलासुद्धा.

घरून कॅमेरा आणून त्याने कोठाराकडे पाठ करून तिपाई रोवली, कॅमेरा लावला, टोपण काढलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं होतं. जमीन वर, आभाळ खाली. त्याने मान वाकडी करून पाहिली, मग तो नाद सोडला. हे शेत तो लहानपणापासून बघत आला होता. टेबलासारखं सपाट, असंच कुणालाही सांगायचा. काचेवर ते सपाट नव्हतं. मध्ये हलका उंचवटा होता, आणि कुंपणाची तार त्याच्यासोबत वाकत गेली होती. ढगाची सावली आली तसा उंचवटा गेला. ऊन पडलं, पुन्हा आला.

हेच होतं का? की आणखी काही?

मागे गाडी थांबली. ऑपल डबा घेऊन आली होती. "काय दिसतंय रे?"

"उलटं शेत."

"आणि?"

"थांब जरा," तो कापडाखालूनच म्हणाला. "अजून बघतोय."