कल्हई पुढच्या साली

मी एक जुना पितळी गंज आहे, मित्रांनो. तुमच्याकडे पातेले म्हणत असतील. आमच्या भंडारा जिल्ह्यात गंजच म्हणतात. माझी गोष्ट सांगण्याआधी एक गणित सांगतो, कारण गोष्ट बिघडली ती त्या गणितानेच.

आमच्या घरची सून करुणा हिला पंचवीस बाया हव्या होत्या. पंचवीस बायांनी तिच्या हातचे केसांचे कंडिशनर दुसऱ्यांदा मागितले, की तिला एक खोली मिळणार होती. नऊ बाय अकराची, रस्त्याकडे दार असलेली, भिंतीला मोठा आरसा लागेल अशी. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बायांच्या भुवया कोरता कोरता तिची बारा वर्षे गेली होती. पाऊस आला की खुर्ची आत, ऊन आले की खुर्ची बाहेर. तिला दार असलेले पार्लर हवे होते. तिचे सासरे बाबूलालजी यांनी मुदत दिवाळीची दिली आणि वर बजावले, की पहिल्यांदा घेतलेली बाटली मोजायची नाही. पहिल्यांदा माणूस शेजारधर्म म्हणून घेतो, दुसऱ्यांदा घेतो तोच खरा. माणूस हिशेबाला पक्का.

फक्त त्या खोलीत विणायचा माग होता, आणि मागावर कोणाचा तरी जीव होता. हे गणितात कोणी धरले नव्हते.

आता माझ्याबद्दल. मी इथलाच. हातोडीचे ठोके घालून घालून मला घडवले. ते ठोके अजून माझ्या अंगावर देवीच्या वणांसारखे दिसतात. राधाबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून आलो. काठावर त्यांचे नाव कोरले आहे, थोडे वाकडे, कारण कोरणाऱ्याला जेवायची घाई होती. राधाबाई म्हणजे बाबूलालजींची बायको, करुणाची सासू. विणकरांचे घर. बाबूलालजी माग चालवायचे आणि राधाबाई सुताला खळ लावायच्या. विणण्याआधी उभ्या सुताला भाताची खळ लावून कुंचा फिरवतात, म्हणजे सूत तुटत नाही आणि चकाकते. ती खळ माझ्यात शिजे. फार दाट झाली तर सूत कडक होते, फार पातळ झाली तर पिंजते. राधाबाई दोन बोटांच्या चिमटीत खळ धरून बोटे फाकवत, तार किती लांब येते ते बघत आणि मान हलवत. त्यांना लोक दाद देत. मला कोण देणार? पण खरे सांगतो, निम्मी कला माझ्या जाड बुडाची होती.

दर साली माझी कल्हई होई. कल्हईवाला भाता लावी, मला तापवून लाल करी, नवसागर टाकी, कथलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने मला आतून चांदीसारखा करून टाकी. गल्लीतली मुले गोळा होत. कल्हई ही नुसती शोभा नसते, मित्रांनो. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवले तर ते कळकते, हिरवे पडते, खराब होते. ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होती. निदान त्या काळी.

जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्याच्या पुढच्या साली माझी शेवटची कल्हई झाली. त्यानंतर कल्हईवाला आला की बाबूलालजी त्याच्याशी पाऊण तास घासाघीस करत, चहा पाजत आणि शेवटी म्हणत, "पुढच्या साली पाहू." राधाबाई आतून सांगत, की गंजाचे पितळ दिसायला लागले आहे. त्यांनाही तेच उत्तर मिळे. असे पाच-सहा साल झाले. मग कल्हईवाल्यानेच येणे सोडले. त्यालाही हिशेब येत होता.

पुढे बाबूलालजींचे गुडघे गेले आणि माग थांबला. मुलगा अंकुश वरठीच्या कारखान्यात लागला. माझी रवानगी माळ्यावर झाली, घरात स्टील आले. राधाबाई मात्र रोज त्या खोलीत जात, बंद मागावरची धूळ पुसत आणि आडवे सूत नेणारा धोटा एकदा या बाजूने त्या बाजूला सरकवून परत येत. का, ते कोणी विचारले नाही.

करुणा कोंढ्याची. तिच्या माहेरी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जवस होतो. जवस पाण्यात उकळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट रस निघतो आणि तो केसांना लावला की केस मऊ होतात, हे तिने फोनवर पाहिले. मग तिने स्टीलच्या भांड्यात प्रयोग मांडला. बुडाशी करपले, वर पाणी राहिले, मधे गुठळ्या झाल्या. तिची मुलगी तेजस्विनी ते लावून शाळेत गेली आणि केसांत जवसाचे दाणे घेऊन परत आली.

राधाबाई दारात बसून बघत होत्या. सासू-सुनेचे भांडण नव्हते, पण बोलणेही मिठाइतकेच होते. त्या दिवशी त्यांना राहवले नाही. म्हणाल्या, "सुताले अशी खळ लावली असती, तर धोटा दोन बोटंबी सरकला नसता. केस म्हंजे सूतच होय, बाई. माळ्यावरून माझा गंज काढ."

मी खाली आलो. किती वर्षांनी माझ्या बुडाला आच लागली, काय सांगू! राधाबाईंनी जवस आदल्या दिवशी भिजवला, मंद आचेवर हलवत शिजवला आणि गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून काढला. मग तीच दोन बोटांची चिमटी. तार निघाली. करुणाने त्यात थोडे खोबरेल आणि मोजून थेंब टाकले, जंगलातल्या तिखाडी गवताच्या तेलाचे आणि गवती चहाच्या तेलाचे. तिखाडीचा वास गुलाबासारखा येतो. किती थेंब, यावर दोघींचे जुंपले. करुणा बारा म्हणे. राधाबाई म्हणाल्या, "सात. नाही तर बाई मांडवातून उठून आली असं वाटते." सातच ठरले. त्या दिवशी दोघी हसल्या. मी ऐकले, म्हणून सांगतो.

तेजस्विनीचे केस म्हणजे काथ्या. तेही वळणावर आले. तिच्या मैत्रिणींच्या आया विचारत आल्या. राधाबाई रस शिजवत, करुणा थेंब टाकी. दारामागच्या भिंतीवर दुसऱ्यांदा मागणाऱ्या बायांच्या कोळशाच्या रेघा वाढू लागल्या. चार. नऊ. अकरा.

मग दोन गोष्टी घडल्या, आणि वाईट म्हणजे एकाच आठवड्यात घडल्या.

काही बायांनी तक्रार केली, की केस जरा चिपचिप करतात. करुणाने फोनवर पाहून लिंबू पिळायला सुरुवात केली आणि वास मुरावा म्हणून रस रात्रभर माझ्यातच ठेवला. सकाळी झाकण काढले तर फिकट हिरवा रंग! ती खूश झाली. तिला वाटले, गवती चहाचा गुण. बाया तर अधिकच खूश. हिरवे म्हणजे झाडपाल्याचे, झाडपाल्याचे म्हणजे अस्सल, असा त्यांचा हिशेब. ज्यांनी पांढरी बाटली नाक मुरडून नेली होती, त्यांनी हिरवी दोन-दोन नेल्या.

आणि त्याच आठवड्यात बाबूलालजींनी जेवताना सहज सांगितले, की करुणाच्या बाया भरल्या की माग खोलून लाकूड विकून टाकू. राधाबाईंना तोवर वाटत होते, की माग एका कोपऱ्यात राहील आणि आरसा दुसऱ्या. नऊ बाय अकरात माग मावतो किंवा पार्लर, हे त्यांनी मोजलेच नव्हते. त्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी करुणा मला त्यांच्यापुढे घेऊन गेली. "आई, हा रंग बरोबर आहे ना?"

राधाबाईंनी माझ्यात डोकावून पाहिले. रसाकडे नाही, माझ्या बुडाकडे पाहिले, जिथे कल्हईचा एक ठिपकाही उरला नव्हता. त्यांना कळले. मला दिसले की कळले. त्यांनी तोंड उघडले आणि त्यांची नजर मागाच्या खोलीकडे गेली.

"लोकायले आवडते ना?" त्या म्हणाल्या. "मंग बरोबरच."

मित्रांनो, मी पितळेचा. मला वाजता येते, बोलता येत नाही. त्या दिवशी मी हातातून सुटून पडलो असतो तरी चालले असते.

काळ्या केसांवर तो हिरवा दिसत नाही. म्हणून महिनाभर काही कळले नाही. रेघा एकोणीस झाल्या. मग करुणाने एक बाटली सत्यभामाबाईंना नेऊन दिली. सत्यभामाबाई आमच्याच गल्लीतल्या, निवृत्त मास्तरीणबाई. गल्लीतल्या अर्ध्या बाया त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठ्या झालेल्या. त्यांनी पुन्हा बाटली मागितली की उरलेल्या पाच जणी आपोआप मागतील, हा करुणाचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. बाईंचे केस कमरेपर्यंत, आणि शुभ्र. मेंदी नाही, रंग नाही. त्या आठवड्यात शाळेत जुन्या विद्यार्थिनी त्यांचा सत्कार करणार होत्या. बाईंनी चार दिवसांत तीनदा केस धुवून कंडिशनर लावले.

सत्काराच्या सकाळी त्या आमच्या व्हरांड्यात आल्या. डोक्यावर पदर होता. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या या बाईंच्या डोक्यावर पदर कोणी पाहिला नव्हता. त्यांनी तो बाजूला केला. तळ्यावर काई धरावी तसे केस हिरवे झाले होते.

त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "करुणा, मुली मला काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. पण हे कशानं झालं, ते तरी मला सांग."

करुणाला माहीतच नव्हते. जिला माहीत होते ती आत तांदूळ निवडत होती आणि निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

सत्कारात बाई पदर घेऊनच बसल्या. त्यांचा फोटो गल्लीतल्या प्रत्येक फोनवर फिरला. दिवाळीच्या आत सोळा बाटल्या व्हरांड्यात परत आल्या. काही अर्ध्या, काही पुऱ्या संपवून. करुणाला वाटले, तेल खोटे निघाले. तिने तिखाडीची कुपी मोरीत ओतली. दोन दिवस सगळे घर गुलाबासारखे दरवळत होते. भुवया कोरून घ्यायलाही बाया येईनाशा झाल्या. तिने खुर्ची आत घेतली ती ऊन असतानाही बाहेर काढली नाही.

आता माग वाचला असेल, असे तुम्हाला वाटेल. राधाबाईंनाही वाटले होते. पण खोली रिकामी करायची हे बाबूलालजींच्या मनाने एकदा घेतले होते. पार्लर नाही तर भाडेकरू. अमर नावाचा एक ऑटोचे सामान विकणारा आला. माग खोलला गेला; फणी, धोटा, पावड्या, सगळे एका हातगाडीवर मावले. गाडी वळेपर्यंत राधाबाई दारात उभ्या होत्या.

त्यानंतरच्या दुपारी त्यांनी परत आलेली एक बाटली घेतली. अंगणात उन्हात बसल्या आणि ती सगळी आपल्या पांढऱ्या केसांना चोळली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. चौथ्या दिवशी करुणा धुणे वाळत घालायला आली आणि तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"गंजाले कल्हई नव्हती," राधाबाई म्हणाल्या. "त्याच्यात लिंबू कळकलं. मले माहीत होतं, पोरी. पह्यल्याच दिवशी माहीत होतं."

करुणाने चादर तशीच दोरीवर टाकली. "मंग काहून नाही सांगतलं?"

राधाबाईंनी त्या खोलीकडे पाहिले. आत टायरचा ढीग होता. "मागासाठी," त्या म्हणाल्या.

करुणा आत निघून गेली. मला वाटले, आता ती बाहेर येणार नाही. पण ती आली, खुर्ची आणि कात्री घेऊन. सासूला खुर्चीवर बसवले. केस पडायला काही हवे म्हणून तिने मोरीतून मला ओढले आणि खाली ठेवले. तिने कानापर्यंत सगळे हिरवे कापून काढले. माफ केले असे म्हणाली नाही. पुढे कधी म्हटले असेल तर मी ऐकलेले नाही. ती लांब वेणी माझ्यातच पडली. अंगावर ओझे काही नव्हते, पण तसे जड काही मी आजवर वाहिलेले नाही.

संध्याकाळी राधाबाई तशाच, आखूड केसांनी, डोक्यावर काही न घेता सत्यभामाबाईंकडे गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मला कोणी नेले नाही.

मित्रांनो, घरात पितळ असेल तर त्याचे बूड बघत जा. कल्हई करणारा मिळत नसेल तर आंबट दुसरीकडे ठेवा. आणि तुम्हाला काही दिसले तर त्याच दिवशी बोला. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.

आता शेवटची बेरीज, कोणी काय किंमत भरली त्याची. सत्यभामाबाईंनी आपला ताठ माथा एका दिवसासाठी भरला. करुणाने खोली भरली आणि बारा वर्षांचे नाव. राधाबाईंनी माग भरला, वेणी भरली आणि सून जेवढी जवळ आली होती तेवढी भरली. कल्हईचे पैसे वाचवले होते बाबूलालजींनी. त्यांना दर महिन्याच्या एक तारखेला खोलीचे भाडे मिळते. परवा राधाबाईंनी पुन्हा एकदा माझ्या कल्हईचे काढले, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या साली पाहू."