खरा ओंडका की आपला?

मी एक रस्ता बोलतोय. फार थोर समजू नका. लांबी साडेअकरा किलोमीटर, रुंदी जेमतेम एका गाडीपुरती, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी आणि मधे मी, मातीचा. आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एकदा सांगून टाकतो, म्हणजे सुटलो.

दलदलीत माती आणायची कुठून, म्हणून मजुरांनी दोन्ही बाजूंना चर खणले आणि निघालेला चिखल मधोमध रचत नेला. तो मी. चरांत पाणी भरलं, पाण्यात मासे आले, माशांमागे पक्षी आले आणि सगळ्यांमागून मगरी. म्हणजे लोक जे बघायला येतात ते सगळं माझ्यासाठी खणलेल्या चरांत राहतं, पण माझं नाव कोणी घेत नाही. मला बांधलं होतं ते पाण्याची दारं उघडबंद करणाऱ्या माणसांसाठी. दिवसाला दोन सायकली. ते दिवस सुखाचे होते, हे तेव्हा कळलं नाही.

मग कुणा साहेबांना एकाच सकाळी इथे चाळीस जातींचे पक्षी दिसले. झालं. माझ्या तोंडाशी फाटक बसलं, तिकीटखिडकी आली, पाटी लागली: 'एकेरी मार्ग. गाडीतून उतरू नये.' आणि गाड्या सुरू झाल्या.

इतकी वर्षं माणसं वाहिली, पण ती काय बघायला येतात ते मला नीटसं कळलेलं नाही. पहिल्या किलोमीटरला कौतुक, तिसऱ्याला खाऊचे डबे, पाचव्याला 'अजून किती राहिलंय?' बगळा दिसला तर 'बगळाच आहे' म्हणून मान फिरवायची, जसा काही तो पहाटेपासून एका पायावर उभा राहून यांचा अपमान करतोय. अंगाखालून पाणी जायला मला मोऱ्या आहेत; सहाव्या मोरीच्या आसपास नवरा-बायकोची भांडणं सुरू होतात. 'लवकर निघू म्हटलं होतं ना मी?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोरीखालच्या बेडकांनाही पाठ झालं असेल.

या सगळ्यांत माझा माणूस एकच, तात्या. नऊ माणसांची उघडी हिरवी गाडी तो बावीस वर्षं माझ्यावरून चालवत होता. सावकाश, कधी घाई नाही, कधी उगाच ब्रेक नाही. त्याची लेक तिकीटखिडकीवर बसायची आणि वायरलेसही तीच सांभाळायची.

इथल्या चालकांची एक रीत आहे, ती तात्यानेच पाडली. एकदा त्याच्या गाडीतलं कोणीतरी 'मगर!' म्हणून ओरडलं आणि नऊच्या नऊ माणसं एका बाजूला धावली. मागचं चाक माझ्या कडेवरून घसरलं, माझा लचका तुटून पाण्यात पडला आणि क्षणभर गाडी हवेत राहिली. कोणी पडलं नाही, एवढं नशीब. त्या संध्याकाळी फाटकापाशी ठरलं की गाडीत काय किंवा वायरलेसवर काय, लोक धावतील अशा जनावराचं नाव घ्यायचं नाही. मगर म्हणजे 'ओंडका', अजगर म्हणजे 'दोर', पाणमांजर म्हणजे 'पाहुणा'. वाटेत ओंडका आहे असं कळलं की लांब थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि तो आपणहून पाण्यात उतरेपर्यंत वाट बघायची. आता खराच ओंडका पडला तर काय म्हणायचं, याचा विचार कोणी केला नाही. तसा तो दोन-तीन वर्षांतून एखादाच पडतो.

तात्याचे डोळे गेलेत हे सगळ्यांत आधी मला कळलं, चाकांवरून. नेहमीच्या वळणाला चाक कडेकडे यायला लागलं. मग एका मंगळवारी, बंदच्या दिवशी, तो रिकामी गाडी घेऊन आला, सातव्या मोरीच्या कठड्यावर बसला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"काचबिंदू... बरं," तो म्हणाला. "म्हणजे गेलेली नजर परत येत नाही म्हणता? औषध फक्त उरलेल्यासाठी. बरं, बरं."

मग त्याने फोन खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली.

घरी त्याने ब्र काढला नाही. लेकीला कळतं तर तिने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला समोरचं मधलं तेवढं दिसायचं, तेही धुकट, आणि बाकीचं तो माझ्यावरून ओळखायचा. पाचव्या मोरीनंतर लागोपाठ दोन खड्डे आले की डावीकडे बोट: 'ते बघा, चमच्याच्या चोचीचे पक्षी.' लांबट खड्डा आला की उजवीकडे: 'कासवं.' आणि ती असायचीच, कारण तीही त्याच्यासारखीच जागा न बदलणारी. मागून कोणीतरी म्हणायचं, "काकांची नजर काय तीक्ष्ण आहे हो!" नऊ जीव, दोन्हीकडे पाणी, आणि गाडी हाकणारा माणूस बुडाखालच्या खड्ड्यांवर भिस्त ठेवून बसलेला. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर मी लेकीला सगळं सांगून टाकलं असतं.

आणि नेमकी त्याच सुमारास माझी दुरुस्ती निघाली. कित्येक वर्षांनी कोणाला तरी माझी आठवण झाली होती. मुरूम आला, रोलर आला, आठ दिवसांत खड्डे बुजले, मोऱ्यांवरचे उंचवटेसुद्धा सपाट झाले. खरं सांगतो, दोन दिवस मी हरखलो होतो. तिसऱ्या दिवशी तात्याची गाडी फाटकातून आत आली आणि पन्नास हातांवर जाऊन थांबली. उगाचच. मग मला समजलं की माझ्या जखमा भरल्या आणि त्याचे उरलेसुरले डोळे गेले.

पुढच्याच आठवड्यात वारा सुटला. पाण्याच्या दारावरचा माणूस सकाळी सायकलवरून आला आणि त्याने खिडकीवर काहीतरी सांगितलं. तात्या आत शिरलेलाच होता. वायरलेसवर लेकीचा आवाज आला, "तात्या, सातव्या मोरीपाशी ओंडका आडवा आहे. जपून."

"ऐकलं," तात्या म्हणाला.

तो चालण्याच्या वेगाने आला. सातवी मोरी कुठली ते त्याला कळेना. शेवटी डोळ्यांतल्या धुक्यात लांबट काळं काही दिसलं तसा तो थांबला, इंजिन बंद केलं आणि हात मागे करून हलक्या आवाजात म्हणाला, "कोणी उठू नका. समोर मोठं जनावर आहे. आपणहून जाईल ते."

नऊ माणसं श्वास रोखून बसली. दुर्बिणी निघाल्या, फोटो निघाले. जाणकाराने दाखवल्यावर आपल्याला दिसत नाही असं म्हणायला माणसं लाजतात. एक गृहस्थ तर कुजबुजले, "डोळा हलला बघा." पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, पंचवीस गेली.

मग मागच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अहो काका, माझं चुकत असेल, पण याच्या शेपटाला पालवी फुटलीय."

गाडीभर हशा पिकला. डोळा हललेले गृहस्थ सगळ्यांत मोठ्याने हसले. तात्याही हसला. बाकीचे हसायचे थांबले तरी त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मग तो खाली उतरला, नियम मोडून. हात पुढे धरून चालत गेला, पायाला लाकूड लागलं तसा वाकला आणि साल चाचपून पाहिली. परत येऊन त्याने वायरलेस हातात घेतला.

"पोरी, हा खरा ओंडका आहे."

"हो तात्या, मग मी काय सांगितलं?"

"मला ओळखता आला नाही गं. मला दिसत नाही. दुसरा चालक पाठव."

वायरलेस सगळ्या गाड्यांना ऐकू जातो.

"हँडब्रेक ओढा," लेक म्हणाली. "मी येते."

ती दुसऱ्या चालकाला घेऊन आली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

ती पाण्याकडे तोंड फिरवून उभी राहिली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सातव्या मोरीपाशी पाण्याने मला फोडलं, दोन गाड्यांएवढं भगदाड पडलं. साहेब लोक टेप घेऊन आले, मोजमाप केलं आणि म्हणाले, पाण्याला इथूनच जायचंय, जाऊ द्या. गाड्यांसाठी पलीकडून डांबरी रस्ता झाला. माझ्या फाटकाला कुलूप आहे, अंगावर गवत आहे, दुपारी मगरी उन्हाला येऊन पडतात. त्या 'अजून किती राहिलंय' असं विचारत नाहीत. थकलोय मी, पण तक्रार नाही.

दर मंगळवारी लेक कुलूप काढते आणि तात्याला हात धरून भगदाडापर्यंत आणते. आता त्याला मधलंही दिसत नाही. तो विचारतो, ती सांगते: बगळे, पाणकावळे, पाणकणसांवरचा खंड्या. वाटेत काही आडवं असलं की ती थांबते. "ओंडका आहे." तो विचारतो, "खरा की आपला?"

गेल्या मंगळवारी माझ्यावर काहीच नव्हतं. पक्षीही नव्हते. तात्या दमला होता, गप्प गप्प होता. लेकीने पुढचामागचा मोकळा रस्ता पाहिला आणि म्हणाली, "थांबा तात्या. ओंडका आहे."

"खरा की आपला?"

"आपला. चांगला मोठा आहे."

तात्या ताठ झाला. त्याने हात मागे केला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कोणी उठू नका." मागे मी होतो आणि गवत होतं. दोघं बराच वेळ तशीच उभी राहिली.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

"पाण्याचा आवाज नाही आला."

तात्याने तिचा हात जरा घट्ट धरला. "हळूच उतरला असेल," तो म्हणाला. "चल."

पाणी रोज माझी थोडी थोडी माती नेतं. न्यावी, त्याचीच होती ती. फक्त जरा दमानं न्यावी, एवढंच माझं मागणं आहे. मी एका गाडीपुरता होतो, आता दोन माणसांना हात धरून चालता येईल एवढा उरलो तरी पुष्कळ आहे.