मोगरा हाजिर है?

जमीलचाचांचा मोगरा वैशाखात वाळून गेला. ही बातमी पहिल्याच ओळीत देऊन टाकतो, म्हणजे पुढे कोणी डोळे पुसत माझ्याकडे यायला नको. आता ती विसरून जा. तसं काही घडलंच नाही. खुद्द चाचांचंही हेच धोरण होतं, आणि ते माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठे होते.

चाचा कोर्टात एकतीस वर्षं पट्टेवाले. काम एकच : व्हरांड्यात उभं राहायचं आणि नावं पुकारायची. "पुंजा वल्द महादू हाजिर है?" असं तीन वेळा. एकतीस वर्षांत त्यांना तिथे बसायची परवानगी नव्हती. व्हरांड्यात बाक होतं, पण ते पक्षकारांसाठी. चोर बसत, चाचा उभे राहत.

सन चौतीसमध्ये पेन्शन झाली. चाचा काझीपुऱ्यातल्या घरी आले, परसात पेरूखाली बाज टाकली आणि बसले. पुढे काय केलं असं कोणी विचारलं तर उत्तर हेच, की बसले. उन्हाळ्याच्या दुपारी सगळं नाशिक दारं लावून घोरत पडलेलं असताना चाचा डोक्यावर ओला पंचा टाकून, पाय लांब करून, साहेबासारखे बसलेले असायचे.

परसात सहा झाडं होती. पेरू, पपई, डाळिंब, लिंबू, मेंदी आणि मोगरा. मोगऱ्याची फांदी नोकरीच्या शेवटच्या दिवशी जज्जसाहेबांच्या खिडकीखालून तोडून, कोटात लपवून आणलेली. "सरकारचं मी एवढंच खाल्लं," चाचा म्हणायचे.

रोज सकाळी ते पट्टा चढवून झाडांची हजेरी घेत.

"पेरू हाजिर है?"

"है," रेहानाचाची चुलीपुढून झाडाच्या वतीने ओरडायच्या.

"पपई हाजिर है?"

"है. आणि चहा पण हाजिर है, निवतोय."

सदतीस सालच्या चैत्रात आमच्या आळीत उन्हाळी पाणी-राखण कमिटी निघाली. कमिटी म्हणजे सेक्रेटरी भिकाजीपंत, त्यांची छत्री आणि एक वही. त्यांनी दारोदार नोटीस लावली : नळाचे पाणी झाडांस घालू नये, घातल्यास नळ बंद करणेत येईल.

चाचांनी नोटीस दोनदा वाचली.

"यात हातपाय धुवायची मनाई कुठंय?"

दुसऱ्या दिवसापासून चाचा नमाजाआधी हातपाय धुवायचा वुजू परसात करू लागले. पहाटेच्या नमाजाचा पेरूखाली, दुपारचा पपईखाली, असे पाच नमाजांत पाच झाडांची आळी भिजू लागली. अडचण मोगऱ्याची होती.

"सहावी नमाज आणायची कुठनं?" चाची म्हणाल्या.

"माझी अंघोळ घ्या," मी कुंपणावरून म्हणालो. मी शेजारचा यादव. मॅट्रिकला तीनदा बसून उठलो होतो आणि कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहीत होतो. अंघोळीपलीकडे समाजाला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

माझी आत्या अक्काबाई सोवळ्यातली. तिला कुंपण ओलांडणं शक्य नव्हतं. तिने आमच्याच बाजूला, बरोबर मोगऱ्याच्या वरच्या अंगाला, दिवसातून चार वेळा पाय धुवायला सुरुवात केली. एवढे स्वच्छ पाय त्या वर्षी आमच्या नाशिकच्या गंगेच्या घाटावरही नसतील. मोगरा असा बहरला की चाची कळ्या सुपात काढू लागल्या. संध्याकाळी चाचा बाजेवर बसून वास घेत आणि रस्त्याने जाणाऱ्याला उगाचच "बैठो मियाँ" म्हणत.

एका भर दुपारी भिकाजीपंत आले.

"जमीलमियाँ, ही माती ओली कशी?"

"वुजू केला साहेब. पाणी वरनं खाली पडतं, त्याला मी काय करू?"

"आणि या मोगऱ्याखाली?"

"इथं यादवरावांनी अंघोळ केली."

"दुसऱ्याच्या परसात?"

"घरात मला लाज वाटते," मी म्हणालो.

"मी पण पाय धुतले हो," कुंपणापलीकडून आत्या म्हणाली. "पाणी उताराने गेलं. उताराला एक नोटीस डकवा."

पंतांनी वही उघडली, पण घाम कागदावर टपटपत होता. चाचींनी तांब्या पुढे केला. "उन्हातनं आलात भाऊ. तोंडावर पाणी तरी मारा."

माणूस सवयीचा गुलाम. पंतांनी तोंड धुतलं, मान भिजवली, चुळा भरल्या, चपला काढून पाय चोळचोळून धुतले आणि "हाऽऽ" केलं. मग डोळे उघडले तर ते मोगऱ्याच्या आळ्यात उभे.

चाचा बाजेवरून उठले. शांतपणे पट्टा चढवला.

"भिकाजीपंत हाजिर है?"

पंतांनी ओल्या पायांतच चपला घातल्या.

"भिकाजीपंत हाजिर है?"

तिसऱ्या पुकाऱ्याला पंत छत्री तिथेच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांचे नळ बंद झाले. पुढील हुकूम होईपर्यंत.

चाचा गंगेवरून पाणी आणू लागले. साठीचा माणूस, खांद्यावर कावड, तळपायाला फोड. निम्मं पाणी घरात, निम्मं मोगऱ्याला. चाची ओरडायच्या, "झाडापायी जीव देता का?" चाचा म्हणायचे, "जीव नाही देत, पाणी देतो." मोठी झाडं तगली. मोगऱ्याची मुळं वरवरची, आणि वैशाख नुसता जाळत होता.

त्या सकाळी पाच झाडांची हजेरी झाली.

"मोगरा हाजिर है?"

चुलीपुढून उत्तर आलं नाही. चाचांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, कोर्टातल्या आवाजात.

चाची दारात आल्या. "काडी झाली हो त्याची."

"मेला म्हणायचं का?" मी विचारलं.

"मेला डॉक्टर म्हणतो," चाचा म्हणाले. "पट्टेवाला गैरहजर म्हणतो. गैरहजर असला तर तारीख मिळते. कागद घे."

ते उभ्यानेच मजकूर सांगू लागले. चाचींनी बाज ओढून त्यांच्या मागे आणली.

"बसा आता."

चाचा बसले. मी लिहिलं ते असं :

मेहेरबान सेक्रेटरीसाहेब, उन्हाळी पाणी-राखण कमिटी, यांचे सेवेशी. अर्जदार जमील वल्द हारुन, पेन्शनर, राहणार काझीपुरा, विनंती अर्ज करतो की, मोगरा, वय वर्षे तीन, हा आज रोजी तीन वेळा पुकारूनही हजर झाला नाही. तरी त्याचे गैरहजेरीत निकाल न देता त्यास पुढील वैशाखाची तारीख मिळावी. तोपर्यंत त्याची जागा दुसऱ्या कोणास देणेत येऊ नये. अर्जदार रोज सकाळी त्याचे नाव पुकारील. पुकारतेवेळी अर्जदारास बसून राहण्याची परवानगी असावी.