विलासरावांची साक्ष

तनया साळवे मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. घरात कुणाला नैराश्याने घेरलं की ख्रिस्ती कुटुंबं आधी चर्चच्या पाळकांकडे जातात की डॉक्टरकडे, आणि मधे किती काळ निघून जातो, हा तिचा विषय. तो तिने का निवडला, हे घरी कुणी विचारलं नाही. घरात होतं तरी कोण? ती आणि पप्पा. आई ती लहान असतानाच गेली, आणि धाकट्या केतनने तीन वर्षांपूर्वी, तेविसाव्या वर्षी, आपलं आयुष्य संपवलं.

पप्पा, म्हणजे विलासराव, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून तिथल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये आले होते. चर्चमध्ये त्यांच्या शब्दाला मान होता.

एका दुपारी ते तिच्या टेबलापाशी येऊन बसले.

"किती मुलाखती झाल्या?"

"एकोणतीस."

"तिसावी माझी घे."

"नाही चालत, पप्पा. घरच्यांची घ्यायची नाही, असा नियम आहे."

"मग लिहू नकोस. नुसतं विचार."

तनयाने लॅपटॉप मिटला. "पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"नोव्हेंबरात. तू पुण्याला होतीस. केतन म्हणाला, पप्पा, सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी म्हटलं, तुझा विश्वास कमी पडतोय. गुडघे टेक, प्रार्थना कर. त्याने केली गं. रोज करायचा. मी खूश होतो, की पोरगा देवाकडे वळला."

हे तनयाला ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरकडे नेलं असतं तर वाचला असता?"

"अभ्यास पुष्कळांबद्दल सांगतो, पप्पा. एकाबद्दल नाही सांगू शकत."

"तू सांग."

'तुमची चूक नव्हती' हे वाक्य ती तीन वर्षं म्हणत आली होती. आज ते तोंडातून निघेना.

"कदाचित वाचला असता."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं बोललीस. सगळे म्हणतात, देवाची इच्छा. देवावर तरी किती ढकलायचं?"

त्या रविवारच्या उपासनेत विलासराव साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, उभे राहिले. हिंदीतून, सावकाश बोलले. "माझा मुलगा आजारी होता. मी त्याला म्हटलं, तुझा विश्वास कमी पडतोय. तुम्ही प्रार्थना जरूर करा, पण लेकराला डॉक्टरकडेही न्या."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पाळकांनी घाईने पुढचं गीत सांगितलं. नंतर चहाच्या वेळी नेहमीचे सोबती त्यांच्यापासून जरा लांबच उभे राहिले. फक्त विनया नावाची एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अंकल, मेरी बेटी दो महीने से कमरे से नहीं निकली. कौन से डॉक्टर?" तनयाने तिला एक नंबर लिहून दिला.

महिन्याभराने विनयाचा फोन आला. औषधं सुरू होती, मुलगी आता थोडं जेवत होती, काल तर गच्चीवर जाऊन बसली होती.

"अच्छा. बहुत अच्छा," असं म्हणून विलासरावांनी फोन ठेवला.

केतनच्या अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आल्यागेल्याला हात जोडत ते ताठ उभे होते. आता ते सोफ्यावर बसले. "केतनसाठीही एवढंच करायचं होतं, तनया," असं म्हणत ते रडायला लागले.

तनया त्यांच्याशेजारी बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना रडू दिलं.