तालमीतला मेलेला

तापीचा पूर ओसरला आणि सरकारला आपत्ती शिकवायची हुक्की आली. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका लूम कारखान्यातही साहेब तक्ते घेऊन आले. आग हा धोका, म्हणाले. आगीतून माणसाला बाहेर पडता आलं नाही, की ती आपत्ती.

धुडकूला हे तक्त्याशिवाय ठाऊक होतं. गेल्या दिवाळीआधी माळ्यावर आग लागली, तेव्हा त्याची बायको सुंदरा तिथं बॉबिन भरत होती. जिन्याखालच्या मागच्या दाराला कुलूप होतं, सूत चोरीला जाऊ नये म्हणून. सूत जळालं, पण चोरीला गेलं नाही. शेठ म्हणाले, "देवाची मर्जी." आता सुंदराच्या जागी पोरगी सोनाली बसते. दाराला कुलूप तसंच.

आगीतून सुटकेच्या तालमीच्या दिवशी मात्र दार सताड उघडं. वर झेंडूचं तोरण.

"एक जण मेलेला हवा," साहेब म्हणाले.

"मी होतो," धुडकू म्हणाला. "तसाही अर्धा आहेच."

घंटा झाली. बाया खिदळत बाहेर पळाल्या. धुडकू मेला तो नेमका त्या दाराच्या उंबऱ्यात. फोटो निघाले, चहा झाला. शेठ किल्ली घेऊन आले.

"ऊठ ने भाई, तालीम संपली."

धुडकू हलेना.

"आबा, उठा ना. लोक हसतायत," सोनाली म्हणाली.

"मेलेला माणूस शेठच्या सोयीनं उठतो का गं? तुझी आई उठली?"

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. मेलेला उठवायचा कसा, ते त्यात नव्हतं.

"तुला पाहिजे तरी काय?" शेठ ओरडले.

"कुलूप नको. आतून कडी लावा."

"आणि सूत गेलं तर?"

"तर शोधा. सूत सापडतं."

बॉबिनवाल्या उषाबाई पुढं आल्या. "सरका धुडकूभाऊ, मीपण मेले." मग बाकीच्याही एकेक करून मेल्या. लूम बंदच राहिले. ही मात्र शेठला आपत्ती वाटली, आणि तिचं व्यवस्थापन झटपट झालं. सुतार आला, बाहेरचा कोयंडा उखडला, आतून कडी बसली.

"तालीम अगदी खरी वाटली," साहेब म्हणाले.

सोनाली माळ्यावर गेली. धुडकू उठला, कपडे झटकले. मग त्या दारातून बाहेर गेला. आत आला. पुन्हा बाहेर गेला. किती सोपं होतं.