भूल उतरताना

भूल देण्याचं काम करता करता त्या डॉक्टरांच्या मनात माणसांविषयी एक गार तिटकारा साचत गेला होता. बाहेर तोऱ्यात वावरणारा, चारचौघांना आयुष्याचा अर्थ समजावून सांगणारा माणूसही टेबलावर आडवा झाला की त्याचे ओठ देवाचं नाव पुटपुटायला लागतात, आणि सुई टोचली की ती श्रद्धा, तो अर्थ, सगळं वीज गेल्यासारखं बंद पडतं, हे त्यांनी इतकं पाहिलं होतं, की पुटपुट सुरू झाली की ते मुद्दाम विचारायचे, "झालं का बोलून? करू सुरुवात?"

घरी थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. रोज सकाळी ती खिडकीपाशी डोळे मिटून प्रार्थनेला बसे, आणि बुटांच्या नाड्या बांधता बांधता ते म्हणत, "ताई, पलीकडे कोणी फोन उचलतं का गं?"

"तू नीघ रे, उशीर होतोय," ती डोळे न उघडता म्हणायची.

पहिल्यांदा खटकलं ते एका निवृत्त मास्तरांच्या वेळी. भूल उतरताना माणसं पाणी मागतात, बरळतात, बायकोला हाका मारतात. मास्तरांनी शांतपणे डोळे उघडले, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि पायाखाली काहीतरी घाणेरडं आल्यासारखं तोंड फिरवलं. औषधाचा परिणाम, डॉक्टर स्वतःशी म्हणाले. पण मग एका शिंप्यानं तसंच केलं, मग एका बस चालवणाऱ्या बाईनं. हीच माणसं सर्जनचे हात धरून रडत, नर्सचे आभार मानत; फक्त भूलवाले डॉक्टर खाटेजवळ आले की त्यांचे चेहरे मिटत. शेवटी त्यांनी त्या बाईला विचारलंच, "काय झालं?"

"आम्ही एवढ्या हाका मारत होतो," ती म्हणाली.

"कोणाला?"

तिनं चादर तोंडावर ओढून घेतली.

ताईच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा तिला दुसऱ्या कोणी भूल द्यावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आपण असल्या खुळचटपणाला भ्यालो, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मास्क लावताना ताई पुटपुटत होती. या वेळी ते तिची पुटपुट संपेपर्यंत थांबले.

शुद्धीवर आल्यावर तिनं त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. घरी आल्यावर खिडकीपाशी बसणं बंद झालं. इतकी वर्षं टोमणे मारून जे जमलं नव्हतं ते आपसूक झालं होतं. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. ती कामापुरतं बोले, तेही भिंतीकडे बघून. एका दुपारी जेवताना त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ताई, भुलीत काय दिसलं तुला?"

"माणसं. म्हातारी, लेकुरवाळी, सगळी डोळे लावून बसलेली. समोरून कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

"म्हणजे समोर होतं कोणीतरी? कोण होतं?"

ताईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, भक्ती तर नव्हतीच.

"तुम्हीच असं काय विचारता?" ज्याला तिनं मांडीवर घेऊन भरवलं होतं त्या भावाला ती म्हणाली, "जेवून घ्या तुम्ही." आणि आपलं ताट तसंच ठेवून, ते उठायची वाट बघत, ती भिंतीला लागून उभी राहिली.