सराट्यांवरचा नाच

थोकोझानं दुधानं भरलेला पोकळ भोपळा भावापुढे ठेवला आणि आधी त्याची टाच उलटी करून पाहिली. पिकलीच होती. तिनं कोरफडीचा गर चोळताच भेकिझानं पाय ओढून घेतला.

"हळू गं ताई! शत्रू बरे तुझ्यापेक्षा."

"चपला काय वाईट होत्या रे?"

"राजाला जाऊन विचार. चपला घातलेला माणूस म्हणे हळू पळतो. लांबून भाला फेकणं बंद, आता आखूड भाला घेऊन थेट अंगावर जायचं. पळालंच नाही तर पोचणार कधी?"

थोकोझाला हसू आलं नाही. पाठीवरच्या पोरानं रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. त्यात ही दुपार. छावणीच्या मैदानात सराटे पसरून झाले होते. त्यावर भेकिझाच्या पलटणीनं अनवाणी नाचायचं. ज्याची मान खाली गेली त्याला बाहेर ओढायचे, आणि बाहेर ओढलेला घरी येत नसे. भेकिझाला तर लहानपणापासूनची खोड. पायाला काही रुतलं की पहिली मान खाली.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "काही झालं तरी समोरच बघायचं."

"तुझं तोंड बघून आणखी दुखेल," तो म्हणाला. पण आवाज कापत होता.

गाणं सुरू झालं. बायका समोर रांगेनं उभ्या राहिल्या. शेकडो पाय एकदम आपटले. तिसऱ्या ठेक्याला भेकिझाचा चेहरा पांढरा पडला आणि हनुवटी खाली येऊ लागली. थोकोझानं पाठीवरची झोळी सोडली आणि पोराला डोक्याच्या वर धरलं. पोरानं टाहो फोडला. भेकिझाची नजर वर गेली आणि तिथेच अडकली.

"अगं, पोर वाळत घातलंस की काय?" शेजारची फिसकन हसली.

गाणं संपता संपेना. खांदे भरून आले, तरी थोकोझानं हात खाली आणले नाहीत.

शेवटी ढाली जमिनीवर आपटल्या. भेकिझा उभाच होता.

पलटणीचा म्होरक्या सोंडाबा लंगडत बायकांकडे आला. तोही सगळ्यांबरोबर नाचला होता. त्याच्या पावलांचे लाल ठसे मागे उमटत होते.

"खाली घे त्याला, बाई. मघापासून बघतोय मी."

थोकोझानं पोराला खाली घेऊन छातीशी धरलं. सोंडाबा ओरडला नाही, भेकिझाला ओढायला त्यानं कुणाला हाकही मारली नाही. नुसता पोराचा तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"मऊ आहे," तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "चालायला लागला की अनवाणीच फिरव. याच्या वेळी कुणाला हात वर धरावे लागायला नकोत."

तो गेला. भावाची टाच अजून बघायची होती. तिनं पोराला पाठीवर बांधलं, आणि झोळीबाहेर आलेली त्याची दोन्ही पावलं आत सरकवली.